भूत, भाचा आणि भानामती

परीक्षण लिहायचे तर आधी पुस्तक वाचावे लागते, या जाचक अटीमुळे मी समीक्षेच्या वाटेला सहसा गेलो नाही. या खेपेला मात्र ती अट नव्हती. वाचायचे नव्हते, खेळायचे होते. ज्या कलाकृतीबद्दल हे चार शब्द लिहितो आहे, ती माझ्या भाच्याने वहीच्या बावन्न पानांवर लिहिली असून तिच्यात मी पाऊण तासात दोनदा मेलो. विषयात इतका खोल शिरून लिहिणारे समीक्षक आपल्याकडे फार नसतील.

झाले असे, की मे महिन्यात मी नांदेडहून लातूरला अक्काकडे गेलो. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर अशी गावे मोजत भर उन्हात एसटीने जाणे हीसुद्धा एक भयकथाच, पण ती वेगळी. दारात पिशवी ठेवतो न ठेवतो तोच भाचा म्हणाला, "मामा, बरं झालं आलात. आम्हाला एक माणूस कमी पडायलाय." 'एक माणूस कमी पडणे' हे शब्द मी आजवर पत्त्यांच्या डावात नाहीतर खांदा द्यायच्या वेळी ऐकले होते. म्हटलं, बघू तरी कोणते आहे.

खेळ असा. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे. एकाने गोष्ट सांगायची. त्याला गेम मास्टर म्हणतात, म्हणजे कीर्तनातले बुवा. बाकीच्यांनी गोष्टीतली पात्रे व्हायचे. बुवा म्हणतात, "समोर दार आहे." आपण म्हणायचे, "मी दार उघडतो." उघडले की नाही ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. थोडक्यात, सोंगे काढायची, पण तोंडाला रंग न लावता आणि खुर्चीवरून न उठता. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अशा जातीचा पहिला छापील खेळ 1974 साली निघाला, तो विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून. संध्याकाळी करायचे काय, हा लहान गावातला प्रश्न तिकडेही असावा.

नवख्या पात्राला 'फर्स्ट लेव्हल' म्हणतात. ही पायरी फार नाजूक. जुन्या नियमांप्रमाणे पहिल्या पायरीवरच्या जादूगाराच्या अंगात जीव किती, तर चार बाजूंचा फासा टाकून पडेल तेवढा. एक पडला तर एक. मांजराने ओरबाडले तरी तेरावा घालायची वेळ. मला जादूगारच दिला होता आणि माझे दोन पडले होते. खानावळीच्या मागच्या दारी उंदीर चावला आणि मी गेलो. भाच्याने कनवाळूपणे दुसरा जादूगार दिला.

आता कलाकृतीकडे वळतो. नाव 'काळवाडीची गढी, नवख्या पात्रांसाठी एक भयसाहस'. पहिल्याच पानावर धुके. धुक्यात गाव, गावाभोवती जंगल, जंगलात लांडगे. खानावळीत शेकोटीपाशी चार अनोळखी प्रवासी बसलेले, म्हणजे आम्ही.

"गाव कुठं आलं हे?" मी विचारले.

"अहमदपूरच्या अलीकडं."

"महिना?"

"मे."

"मे महिन्यात अहमदपूरला धुकं?"

"मामा, ते ॲटमॉस्फियर असतं."

माझा पहिला आक्षेप या ॲटमॉस्फियरवर आहे. भीती वाटायला धुके लागते हे ज्यांनी ठरवले त्यांनी मराठवाड्यातली मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. पारा त्रेचाळीसवर, लाइट गेलेली, रस्त्यावर कुत्रे नाही, सगळी दारे आतून लावलेली आणि प्रत्येक दारामागे कुणीतरी जागे. आमची आजी बारा वाजता बाहेर जाऊ द्यायची नाही, ते रात्रीच्या नव्हे, दुपारच्या. तिची भुते बिचारी उन्हात काम करीत.

दुसरा आक्षेप त्या चार अनोळखी प्रवाशांवर. अनोळखी माणूस ही चीज शहरात मिळते. आमच्याकडे हॉटेलात बाकावर टेकलात, की चहाच्या आधी तीन प्रश्न येतात. कोणाचे? कोणाकडं आलात? आडनाव काय म्हणालात? तिसऱ्या उत्तराला कुठल्यातरी मावसबहिणीच्या नणंदेमार्फत नाते जुळते आणि तुम्ही अनोळखी राहत नाही. विलायती गोष्टीत पाहुणा घाबरतो, कारण त्याला गावात कुणी ओळखत नाही. इथे घाबरायचे ते सगळे ओळखतात म्हणून.

तिसरा आक्षेप माझा नाही, अक्काचा. एकोणिसाव्या पानावर भाच्याने एक उजाड खेडे घातले होते. पडक्या भिंती, रात्री ऐकू येणारे आवाज, जमिनीला पडलेली भेग आणि भेगेतून पाताळात जाणारी वाट. जागा दिली होती 'किल्लारीजवळ'. तो वाचत होता तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "किल्लारीचं नाव काढ त्यातून."

"आई, गेम आहे गं."

"काढ म्हटलं ना."

30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट या पोरांच्या जन्माआधीची. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. चारच्या सुमाराला जमीन हलली आणि जवळजवळ दहा हजार माणसे गेली. मारले ते स्वतःच्याच घरांनी. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे माळवद, जे उन्हाळ्यात गारवा देते म्हणून दरवर्षी वर आणखी माती घालायची. आदल्या वर्षी, 1992 मध्ये, त्या भागात धक्के बसत होते आणि जमिनीतून आवाजही येत होते. पाताळातला आवाज ज्यांनी खरोखर कानांनी ऐकला, ती माणसे आजही बसस्टँडवर आपल्या शेजारी बसून चहा पितात. अक्का त्यानंतर कित्येक रात्री लातुरात अंगणात झोपत होती. तिच्या दोन वाक्यांच्या परीक्षणाला माझ्याकडे जोड नाही. लहान गावात कुणाचेच नाही असे पडके घर नसते. भाच्याने ते पान फाडले नाही, पण मुकाट्याने घडी घातली.

नुसते दोषच दाखवले तर समीक्षक मत्सरी ठरतो, म्हणून गुणही सांगतो. एक जागा या पोराने अशी लिहिली आहे, की मी खुर्चीत सावरून बसलो. गढीच्या चौकात फरशीखाली पेव आहे. पेव म्हणजे धान्य साठवायचे जमिनीखालचे कोठार. भाचा म्हणाला, "झाकण उघडलंत. आत ज्वारीचा वास. भूत नाही, काही नाही. कोण उतरतंय?" मी उतरलो. मेलो. बंद पेवात वायू साचतो आणि झाकण काढल्याबरोबर उतरणारा माणूस गुदमरतो. आधी कंदील दोरीने सोडून बघायचा असतो, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. भाच्याने ते त्याच्या आजोबांकडून ऐकले होते. बावन्न पानांत एवढे एकच मरण काळवाडीचे होते, बाकीची सगळी आयात केलेली. मरताना मला बरे वाटले.

पोराचा दोष नव्हता. त्याने नमुने वाचले होते आणि रात्री मलाही वाचायला लावले, मोबाइलवर, मुंगीएवढ्या अक्षरांत. गायगॅक्सचे 1979 चे 'द व्हिलेज ऑफ हॉम्लेट' आहे. त्यात गावातले घर न् घर दिले असून कुणी किती नाणी कुठे दडवली आहेत तेही लिहिले आहे. एवढी माहिती तलाठ्याकडे नसते. परिणाम असा, की भुताला सोडून शेतकऱ्यांचीच घरे धुंडाळायचा मोह होतो. त्याच सुमाराच्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'मध्ये अफवांची एक यादी आहे. फासा टाकायचा आणि पडेल ती अफवा ऐकायची. काही खऱ्या, काही खोट्या. कल्पना उत्तम, पण आमच्याकडे फाशाची गरज नाही, कटिंगला बसले की झाले.

1981 साली सँडी पीटरसनने 'कॉल ऑफ कथुल्हू' केला. त्यात जिवाचा हिशेब असतो तसा डोके ठिकाणावर असण्याचाही असतो आणि भलत्यासलत्या गोष्टी जसजशा कळत जातात तसतसे डोके कमी होत जाते. पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला हा नियम निराळा समजावून सांगावा लागत नाही. त्यात नवख्यांसाठी एका झपाटलेल्या घराची गोष्ट आहे. घरात पाय ठेवण्याआधी वर्तमानपत्राच्या कचेरीत, ग्रंथालयात, सरकारी दप्तरांत जाऊन घराचा इतिहास खणायचा. आमच्याकडे हे जास्तच रंगेल. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत, ते वाचणारा म्हातारा गावात एकच, आणि तो म्हणणार, "वाचतो की. आधी नातवाच्या नोकरीचं बघा."

पण या सगळ्यांत मला भावले ते डग्लस नाइल्सचे 1982 चे 'अगेन्स्ट द कल्ट ऑफ द रेप्टाइल गॉड'. नाव सर्कशीच्या जाहिरातीसारखे आहे, तिकडे लक्ष देऊ नका. ओर्लेन नावाचे सुखवस्तू शेतकऱ्यांचे गाव. तिथली माणसे एकेक करून नाहीशी होतात. काही परत येतात, पण परतलेली किंचित वेगळी असतात. बस्स. ज्याच्याकडे मुक्कामाला उतरायचे तो बदललेला आहे की नाही, हे ठाऊक नाही. नारायण धारपांची 'लुचाई' वाचलेल्यांना ही जात ओळखू येईल. ती स्टीफन किंगच्या 1975 च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, आणि किंगचे कसब हे, की तो आधी गाव उभे करतो. कोण कुणावर जळतो, कुणाचे कुणाशी वाकडे आहे, सगळे. मग भूत आणतो. भाच्याने आधी भूत आणले होते आणि गाव नंतर भरू म्हणून मोकळे सोडले होते. ते मोकळेच राहिले.

त्यामुळे शेवटही तसाच झाला. गावाबाहेर झोपडी, झोपडीत एकटी म्हातारी. तीच जखीण. चष्मेवाला पोरगा म्हणाला, "मी झोपडी पेटवतो." फासा पडला अठरा. म्हातारी जळाली. प्रत्येकाला शंभर गुण मिळाले, सगळे दुसऱ्या पायरीवर चढले, टाळ्या झाल्या. मी तेव्हा मेलेला असल्यामुळे मला बघत बसण्याखेरीज काम नव्हते.

इथे मी परीक्षक म्हणून तोंड उघडले आणि भलतेच बोलून बसलो.

मी म्हटले, अरे, आपल्या दोन जिल्ह्यांत भुतांचा एवढा तयार माल पडलेला असताना तुम्ही लांडगे कशाला मागवता? भानामती ऐकलीय का? चौघांनीही ऐकली होती, पण एकालाही नीट ठाऊक नव्हती. भानामती म्हणजे मराठवाड्याची खास चीज. रात्री पत्र्यावर दगड पडतात. दोरीवरचे लुगडे आपोआप पेटते. वरणात राख निघते. अंगावर फुल्या उमटतात. कुठे कुठे बायका कुत्र्यासारख्या भुंकू लागतात. मग कुणी केली याचा शोध सुरू होतो आणि तो बहुधा जिच्या मागेपुढे कुणी नाही अशा बाईच्या दारात जाऊन थांबतो. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी अशी प्रकरणे किती वर्षे तपासली. त्यांना बहुतेक वेळा सापडले ते असे, की दगड माणसाच्याच हातचा असतो आणि तो हात बहुधा घरातल्याच कुणाचातरी, ज्याला आपले दुखणे सांगायला दुसरी सोय नाही. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी कायदा आला, आणि अमकी बाई करणी करते असा शिक्का मारणे हा आता गुन्हा आहे. आमच्या लहानपणी नव्हता.

"म्हणजे तुम्ही बघितलीय, मामा?" पोरांतली एकुलती एक पोरगी म्हणाली.

बघितली. मी नऊ वर्षांचा होतो. याच नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका गावात आम्ही राहायचो. शेजारच्या परसात चिंचेचे झाड होते. एका संध्याकाळी आकडे पाडायला मी दगड मारला. नेम चुकला आणि तो त्यांच्या पत्र्यावर पडला. केवढा आवाज! मी पळालो. सकाळी गल्लीत बातमी : दगड पडला, रात्री पडला, आपोआप पडला. मी खरे सांगितले असते तर दोन छड्या बसल्या असत्या. मी नाही सांगितले.

इथवर हे विनोदी आहे. पण तिसऱ्या दिवशी आणखी दगड पडले, आणि ते माझे नव्हते. मग दोरीवरचे धोतर पेटले. वरणात राख निघाली. त्या घरात नवी सून आलेली होती, अठरा-एकोणीस वर्षांची. तिचा आवाज गल्लीत कुणी ऐकला नव्हता, तिच्या सासूचा सगळ्यांनी ऐकला होता. हे आज सुचते. तेव्हा संशय गेला गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईवर. घरोघरी शेवया-पापड करून द्यायची. विधवा, मूलबाळ नाही. तिला कुणी मारले नाही, झोपडी पेटवली नाही. आधी शेवयांना बोलावणे बंद झाले. मग आडावर तिचा नंबर सगळ्यांत शेवटी लागू लागला. मग पोरांना तिच्या दारावरून जायची बंदी झाली. मग कुठूनतरी एक बुवा आणला आणि त्याने नाव न घेता टोकाकडे बोट केले. आठव्या दिवशी पहाटे साडेपाचच्या एसटीने ती पत्र्याची पेटी घेऊन गेली. कुठे जाता, असे कुणी विचारले नाही.

ती गेल्यावरही चार दिवस दगड पडत होते. मग सून बाळंतपणाला माहेरी गेली आणि थांबले. गाव म्हणाले, बाई गेली, पण असर उतरायला वेळ लागला.

"पहिला दगड माझा होता," मी म्हटले. साठ वर्षांत पहिल्यांदाच बोललो, आणि तेही दोन वेळा मेलेला जादूगार म्हणून.

पोरे गप्प. अक्का दारात उभी होती, हाताला कणीक.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आडाच्या कट्ट्यावर उभा राहून मारलास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?" असे म्हणून ती पोळ्या लाटायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी भाचा वही घेऊन माझ्यापुढे बसला. दुसऱ्या आवृत्तीत परीक्षकाचा थोडा हात आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मी निःपक्षपाती नाही. धुके गेले, लांडगे गेले. पेव ठेवले. पात्रे आता गावचीच : पोस्टमनचा मुलगा, शिवणक्लासवाली, कंपाउंडर आणि मी रिटायर्ड हेडमास्तर. प्रत्येकाचे गावात तीन नातेवाईक, आणि त्यांतला एक तरी दगड पडणाऱ्या घरातला. तलवार नाही, मंत्र नाही. जिवाच्या आकड्याऐवजी 'पत' लिहायची. पहिल्या पायरीवर पत फक्त चार. सरळ प्रश्न विचारलात, एक गेली. वडीलधाऱ्याला खोटे पाडलेत, दोन गेल्या. शून्य झाली की तुम्ही मरत नाही. फक्त तुम्हाला कुणी दार उघडत नाही. माझ्या मते नवखेपणाचा अर्थ हा असायला हवा. मांजर चावून मरणे हा फार सोपा अशक्तपणा झाला.

रोज संध्याकाळी खेळणाऱ्यांच्या चाली संपल्या, की गावाची एक चाल. काम बंद. मग पाणी. मग पोरांना बंदी. मग बुवा. मग पहाटेची एसटी. फासा नाही, गावाची चाल चुकत नाही. तेवढ्या वेळात दगड कोण टाकते ते शोधायचे आणि सापडले तर ते कुणाला, कसे सांगायचे ते ठरवायचे. सुनेचे नाव चव्हाट्यावर घेतले तर शेवयावाली वाचते आणि सून मरते. भाचा विचारीत होता, की मग याचे बरोबर उत्तर कोणते लिहू? मी म्हटले, त्या ओळी कोऱ्या सोड. पहिल्या आवृत्तीत अख्खे गाव कोरे सोडलेच होतेस.

शेवटची युक्ती त्या पोरीची. सुरुवातीला चार चिठ्ठ्या काढायच्या. तीन कोऱ्या, एकीवर लिहिलेले : पहिला दगड तुमचा. ज्याला ती येईल त्याने खेळभर ते लपवायचे किंवा सांगायचे, त्याची मर्जी.

रात्री जेवणे झाल्यावर बसलो. भाच्याने स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या हलवल्या. अक्का भांडी आवरून मुद्दाम खुर्ची ओढून बसली, खेळायला नाही, बघायला. मी चिठ्ठी उचलली, हात आडवा धरून उघडली. कोरी होती.

मान वर केली तर पाचहीजण माझ्याकडेच बघत होते.